थिएटरात कामाला

१ डिसेंबर

आज ऑफिसात नाताळचं प्लास्टिकचं झाड आलं. खोक्यातून काढलं तेव्हा फांद्या मिटलेल्या छत्रीसारख्या होत्या, त्या मैनेनं एकेक करून उघडल्या. मैना म्हणजे आमच्याकडे फोन घेणारी मुलगी. दिवसभर तिचा आवाज चालू असतो म्हणून छपाईवाल्यानं हे नाव ठेवलं आणि तिलाही ते आवडतं.

झाडाशेजारी उभं राहून तिनं जाहीर केलं की पंधरा तारखेपर्यंत रोज चहाच्या वेळी एकानं आपला आवडता पिक्चर सांगायचा. "नुसतं नाव नाही हं. गोष्ट सांगायची, का आवडतो ते सांगायचं, रडू आलं तर रडायचं." सगळ्यांना पसंत पडेल तो पिक्चर चोवीस तारखेला वरच्या हॉलात लावणार. घरच्यांनाही आणायचं. चिठ्ठ्या टाकल्या. मला नऊ तारीख आली.

माझा आवडता पिक्चर कुठला? मी पिक्चर बघितलेत कुठे? ऐकलेत. आई सिनेमाच्या थिएटरात झाडायची. पिक्चर संपत आला की ती झाडू घेऊन मागच्या दाराच्या पडद्याआड उभी राहायची, कारण दिवे लागले की पुढच्या खेळाआधी सगळं आवरायचं असायचं. त्यामुळे तिनं बघितले ते सगळे शेवट. घरी येऊन ती मला शेवट सांगायची आणि मी विचारायची, "पण आधी काय झालं?" मग ती आधीचं स्वतःच्या मनानं जुळवायची. आमच्याकडे त्याला 'मागचं लावणं' म्हणतात. बसमध्ये कुणी बाई रडताना दिसली की आई अजूनही कानात म्हणते, "लाव हिचं मागचं."

हे ऑफिसात कसं सांगू?

४ डिसेंबर

आज हिशेबवाल्या बाईंनी सांगितला. सांगताना खरंच रडल्या, आणि रडता रडता बिस्किटही संपवलं. काल छपाईवाल्यानं मारामारीचा सांगितला, स्टुलावर चढून. सगळ्यांचं सुरू असंच होतं: "लहानपणी आम्ही सगळे मिळून बघायचो." मी ऐकते, मान हलवते आणि मनात नऊ तारीख मोजते.

मी 'दारवाला' सांगायचं ठरवतेय. त्याचं खरं नाव आहे, पण आमच्या घरी तो दारवालाच. शेवटी एक बाई मुलीला कडेवर घेऊन घराबाहेर पडते. दार ओढते. चार पावलं जाते आणि परत फिरते. सगळ्यांना वाटतं, आता आत जाणार. तर ती फक्त बाहेरचा दिवा विझवते आणि निघून जाते. आईनं हा शेवट किती वेळा सांगितला असेल! मागचंही पक्कं होतं: नवरा मारकुटा, बाई सोसणारी, आणि एक दिवस सोसणं संपतं.

आईही मला अशीच कडेवर घेऊन निघाली होती. मी तेव्हा जेमतेम उभी राहत होते. मला नेहमी वाटत आलंय की तो पिक्चर नसता तर ती निघाली नसती, आणि मी शाळेत गेले नसते. आमच्या घराण्यात शाळेत गेलेली मी पहिली. पिक्चरचे उपकार, दुसरं काय.

९ डिसेंबर

सांगितला.

कप खाली ठेवून अडखळत बोलले. पण एकदा सुरू झाल्यावर आईचाच सूर लागला. नवरा दारात चपलांचा आवाज करायचा आणि ती आतून ओळखायची, आज कसा आलाय. मुलीला पिठाच्या डब्यामागे लपवायची. सगळं सांगितलं. दिव्यापाशी आले तेव्हा मशीनसुद्धा बंद झालं होतं. छपाईवाला म्हणाला, "बाई, तुम्ही तर पाणीच काढलंत डोळ्यांतून."

मॅडमनी (आमच्या मुख्य) विचारलं, "एवढा बारकाईनं पाठ? कधी बघितलास?"

मी म्हणाले, "आईमुळे. आई थिएटरात कामाला होती."

"अय्या, नाटकात?" मैना म्हणाली.

"नाटकात कशाला, ऑपरेशन थिएटर असेल," हिशेबवाल्या बाई म्हणाल्या. "नर्स होत्या का गं?"

"नर्स असं सांगेल का? हिचं सांगणं बघा की! रक्तातच आहे. नटीची मुलगी," मैना म्हणाली.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे उठले.

मी काही खोटं बोलले नाही. हे मी तीनदा तपासलं. 'थिएटरात कामाला होती' हे वाक्य बरोबर आहे.

१० डिसेंबर

आमचं काम इथे लिहून ठेवते, म्हणजे कालचं का टोचतंय ते मलाच कळेल. औषधाच्या खोक्यात घडी घालून जो कागद असतो, तो आम्ही छापतो. छापण्याआधी दोघांनी तपासायचा. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापायच्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. माझे जोडीदार काका चिन्हांसकट वाचतात. "रिकाम्या पोटी घेऊ नये पूर्णविराम. चक्कर, स्वल्पविराम, मळमळ, स्वल्पविराम." बायकोशीही ते असंच बोलतात असं छपाईवाला सांगतो. सगळे त्यांना पूर्णविरामकाका म्हणतात. 

आई शेजारपाजारी सांगते, "माझी मुलगी औषधं वाचते." एक 'नये' गळला तर माणूस मरू शकतो. मी आजवर एकही 'नये' गळू दिलेला नाही.

आज काका मध्येच थांबून म्हणाले, "काल तुझं वाक्य अर्धवट राहिलं."

"कुठलं, काका?"

"मला काय माहीत? अर्धवट राहिलं एवढं कळलं. चल, पुढे. औषधाची मात्रा, अपूर्णविराम."

१५ डिसेंबर

मतं मोजली. दारवाला निवडून आला. मैनेनं मला मिठी मारली. पिक्चर तिनं शोधूनही काढलाय. "काकूंना आणायचं हं! पुढच्या रांगेत बसवू. त्यांच्याकडून एक-दोन संवाद म्हणवून घेऊ."

मी हसले. का हसले?

घरी सांगितलं नाही. आई इस्त्रीच्या दुकानातून थकून आली होती. थिएटर बंद पडल्यापासून ती तिथेच आहे. उजवं मनगट वळत नाही, त्यामुळे डाव्या हातानं इस्त्री फिरवते आणि तरी घडी कडक पडते. इतकी वर्षं झाडू धरल्याचा परिणाम. तिला विश्रांती हवी, समारंभ नको.

१६ डिसेंबर

काल मैनेकडून पिक्चर घेतला आणि आज रजा टाकून, आई कामावर गेल्यावर, एकटीनं बघितला. आयुष्यात पहिल्यांदा दारवाला सुरुवातीपासून.

मागचं सगळं चुकलंय.

नवरा मारकुटा नाहीच. भला माणूस आहे. खोट्या आरोपावरून त्याला तुरुंगात टाकतात. जाताना तो बायकोला म्हणतो, मी येईपर्यंत बाहेरचा दिवा विझवू नकोस. ती वर्षानुवर्षं दिवा लावते. शेवटी त्याची सुटका होते आणि ती मुलीला घेऊन त्याला आणायला निघते. वाट बघणं संपलं, म्हणून दिवा विझवते.

ती नवऱ्याला सोडून जात नाहीये. नवऱ्याकडे जातेय.

आईनं हा शेवट बघून घर सोडलं. उलटा वाचून सोडलं! म्हणजे 'घ्यावे'च्या जागी 'घेऊ नये'. आणि एक घाणेरडा विचार आला, तोही लिहिते. आईला मागचं लावायची सवय. बाबांचंही तिनं मागचं लावलं असेल तर? मला बाबा आठवतच नाहीत. माझ्याकडे फक्त तिचा शब्द आहे.

१७ डिसेंबर

ठरलं. आईनं चोवीसला येता कामा नये. तिनं तो पिक्चर पूर्ण बघितला तर तिच्या पायाखालची जमीन सरकेल. मी तिला जपतेय. यात दुसरं काहीही नाही.

मैनेला म्हणाले, "पिक्चर बदलूया का? हिशेबवाल्या बाईंचा छान आहे."

"वेडी का तू? खाऊचंसुद्धा सांगून झालंय."

१८ डिसेंबर

आज माझ्या हातून एक ओळ सुटली. 'लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे' यातला 'नाही' दुसऱ्या पानावर गेला होता आणि माझं बोट तसंच पुढे सरकलं. काकांनीच पकडलं. रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "डोकं कुठे आहे?" म्हणाले. मी म्हणाले, "आईची काळजी." ते म्हणाले, "आजारी आहेत?" मी म्हणाले, "नाही." मग मी बोट परत पहिल्या ओळीवर ठेवलं.

१९ डिसेंबर

आई भाजी निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला होता गं दुकानात. किती गोड बोलते."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"किती खुर्च्या मांडायच्या ते विचारत होती. चोवीसला पिक्चर आहे म्हणे. तू बोलली नाहीस."

"राहिलंच बघ."

"मग विचारलं, काकू, तुम्ही कुठल्या नाटकात असायचात? मी म्हटलं, कुठलं नाटक? माझं झाडूचं काम होतं. तर ती इतकी हसली! म्हणाली, म्हणजे काकू, तुम्ही विनोदी कामं करायचात!"

आईनं देठ तोडला, बाजूला टाकला.

"मी परत सांगितलं असतं. पण म्हटलं, तू काय सांगितलंयस मला माहीत नाही. उगाच माझ्या बोलण्यानं तुझं खोटं पडायला नको."

"मी खोटं बोलले नाही, आई. त्यांचा गैरसमज झाला."

"हं. आणि तो किती दिवसांचा झाला?"

मी गॅस बारीक करायला गेले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

२० डिसेंबर

ती बोलत नाही असं नाही. बोलते. डबा देते, "छत्री घे" म्हणते. पण 'लाव हिचं मागचं' नाही. आज बसथांब्यावर एक बाई लग्नाच्या कपड्यांत एकटी उभी होती, हातात जिवंत मासा असलेली पिशवी. एरवी आईनं या बाईवर आठवडा काढला असता. नुसती बघत राहिली.

मैनेला खरं सांगायचं म्हणून दोनदा तिच्या टेबलापर्यंत गेले. एकदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा नव्हती फोनवर. मी तिच्याकडून पिन मागून परत आले.

२२ डिसेंबर

आज सांगून टाकलं. पिक्चरचं. जेवण झाल्यावर तिला खाली बसवलं आणि म्हणाले, "आई, तू येऊ नकोस असं मला वाटतं, पण त्याचं कारण वेगळं आहे. दारवाला तू समजतेस तसा नाही." आणि तुरुंग, दिवा, सुटका, सगळं सांगितलं. सांगताना मलाच रडू येत होतं.

आई ऐकत होती. मग एकदम खो खो हसायला लागली.

"म्हणजे ती मेली त्याला आणायला चालली होती? आणि मी आपली दर खेळाला पडद्याआडून म्हणायची, जा बाई, जा, मागे बघू नको!"

"तुला वाईट नाही वाटत? तू तो पिक्चर बघून घर सोडलंस ना."

तिचं हसू थांबलं. "काय बघून?"

"पिक्चर."

"अगं, घर सोडलं तेव्हा मी थिएटर बाहेरूनसुद्धा बघितलं नव्हतं. घर सोडून आले, हाती काम नव्हतं, म्हणून झाडू धरला. आधी काय आणि नंतर काय? एवढी शिकलीस, एवढं कसं कळलं नाही तुला?"

खरंच. एवढं कसं कळलं नाही? इतकी साधी गोष्ट.

"मग ते मागचं? चपलांचा आवाज? पिठाचा डबा?"

"तू झोपायचीच नाहीस. आधी काय झालं, आधी काय झालं. मला दुसरं काय येत होतं? माझंच सांगायचे. दिवा पिक्चरातला, आपल्या घराला कुठला आलाय बाहेर दिवा? दार मात्र माझं."

"आणि बाबा?" हे विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

तिनं उजवा हात पुढे केला. "हे मनगट कशानं असं झालं वाटतं तुला?"

"झाडून."

"झाडून कुणाचं मनगट मोडत नाही, बाळ."

म्हणजे नऊ तारखेला मी चहाच्या वेळी, झाडाशेजारी उभी राहून, सगळ्या ऑफिसाला आईचं सांगितलं होतं. बिस्किटं खात खात त्यांनी ते ऐकलं, आणि त्यालाच मत दिलं.

आईनं ताटं उचलली. मोरीपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मला वाईट वाटेल म्हणून येऊ नको म्हणालीस. ते तर मिटलं. आता सांग, मी येऊ का?"

"ये ना," मी म्हणाले.

पण लगेच म्हणाले नाही. मध्ये नळाचा आवाज झाला. तेवढा वेळ गेला. तिलाही तो कळला असणार.

२३ डिसेंबर

आज खरं सांगण्यासाठी लवकर गेले. मैना झाडाला चांदण्या लावत होती. तिनं मला एक चांदणी धरायला दिली. मी धरली. सगळ्या लावून झाल्या तरी बोलले नाही.

२५ डिसेंबर, सकाळी

काल लिहायला बसले, पण हात चालला नाही. आता क्रमानं लिहिते. क्रमाची मला गरज आहे.

आई बरोबर वेळेवर आली. कपडे इतके कडक इस्त्रीचे की हिशेबवाल्या बाईंनी बाही चाचपून बघितली. मैना धावतच आली. "या या काकू! मॅडम, या बघा, नाटकातल्या काकू!"

मॅडम पुढे झाल्या. "फार ऐकलंय तुमच्याबद्दल. कुठल्या मंडळीत होतात तुम्ही?"

आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रस्ता ओलांडताना लहान मुलाकडे बघतात, जायचं की थांबायचं, तसं बघितलं.

मी म्हणाले, "आई नाटकात नव्हती. नर्सही नव्हती. सिनेमाच्या थिएटरात झाडायची. नऊ तारखेलाच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

आवाज फुटला होता, पण शब्द सगळे आले. एकही गळला नाही.

मैनेचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे झाडूचं काम म्हणजे... अगं बाई! काकू, मी केवढी हसले तुम्हाला!"

"हसलीस ते बरं केलंस," आई म्हणाली. "त्या कामावर कुणी हसायचंच नाही कधी."

"मग काय, रोज फुकट पिक्चर!" छपाईवाला म्हणाला.

"शेवट तेवढे," आई म्हणाली. "बाकीचं तुमच्यासारख्यांनी बघितलं. पाय वर घेऊन."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, जरा उशिरा. पूर्णविरामकाकांनी खुर्ची ओढून दिली आणि आईनं ती दोन इंच सरळ करून घेतली.

पिक्चर लागला. मी पडद्याकडे बघितलंच नाही. आई पहिल्या दृश्यापासून पुढे वाकून बसली होती. भल्या नवऱ्याला बघून तिनं एकदा नाक मुरडलं. शेवट आला. ती सावकाश मागे टेकली आणि पुटपुटली, "बरं आहे. हिचं बरं आहे."

दिवे लागल्यावर छपाईवाला माझ्यापाशी आला. "बाई, हा पिक्चर तुम्ही सांगितलेला नाहीच! तुमचा जास्त चांगला होता. त्या बाईचं पुढे काय झालं असेल, असं वाटत राहायचं."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "तो लांबला असता फार."

बसथांब्यावर आम्ही दोघीच होतो. हवा बोचरी होती. मला हलकं वाटत होतं, इतकं हलकं की मी बडबडत सुटले. मैना कशी ओशाळली, मॅडमनी तुला दुसरा चहा कसा दिला. आई ऐकत होती. मग म्हणाली, "सांगितलंस ते चांगलं केलंस."

"हो ना?"

"पण मी तुझ्याकडे बघितल्यावर सांगितलंस."

मी बस येते का ते बघायला वाकले.

"मी बघितलं नसतं तर सांगितलं असतंस?"

'हो' म्हणणं सोपं होतं. ती ते मानूनही गेली असती, किंवा तसं दाखवलं असतं. मी खरंच आठवून बघितलं. मॅडमनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात काय होतं? काहीतरी होतं. पण ते तेच होतं का?

"माहीत नाही, आई," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं माझा हात धरून स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला आणि तसाच राहू दिला.

"हे खरं बोललीस," ती म्हणाली.

बस आली, गच्च भरून. आम्ही ती सोडली.